कायाक घेण्याआधी खाडी पाहा
कोपरखैरणेच्या खाजणात गळाच्या जागा शोधताना

कोपरखैरणे, घणसोली आणि वाशी या पट्ट्यातील आमच्या काही तरुणांना अलीकडे एका नव्या धंद्याची ओढ लागली आहे. कायाक नावाची एक-दोन माणसांची वल्हवायची होडी घ्यायची, गळाने मासे धरण्याचा शौक असलेल्यांना ती सुटीच्या दिवशी भाड्याने द्यायची आणि त्यातून घरखर्चाला हातभार लावायचा, असा त्यांचा बेत आहे. आमचा धंदा कापडाचा. तरीही ही मुले सल्ल्यासाठी आमच्या दुकानात आली, कारण भांडवलाची गोष्ट निघाली की म्हाताऱ्या व्यापाऱ्याची आठवण होतेच. “चाचा, खाडी तर दाराशीच आहे, जागा शोधायची काय गरज?” असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही ताका उलगडून उजेडात पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. मग खाडीचा सौदा न पाहता कसा करायचा? म्हणून हिवाळ्यापासून आम्ही आणि आमचे दोन व्यापारी मित्र कोपरखैरणेच्या बाजूने खाडीचा काठ सहा-सात वेळा हिंडलो. जे पाहिले आणि विचारून समजले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आधी मालाची ओळख. कायाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी, लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली. आज बाजारात मिळते ती बहुधा प्लॅस्टिकची असते. तापलेल्या साच्यात प्लॅस्टिकची पूड घालून साचा गोल फिरवतात आणि पोकळ वस्तू तयार होते. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी नेमकी याच रीतीने बनते. (कापडवाल्यांना गंमत वाटेल, सिंटेक्स हे टाकीचे नाव ‘सिंटरिंग’ आणि ‘टेक्स्टाइल’ या दोन शब्दांतून आले आहे, कलोलच्या एका कापडगिरणीनेच हा माल काढला.) अशी होडी चार-सहा इंच पाण्यातही तरंगते. यावरून मुलांनी हिशेब केला की तिला कुठेही नेता येईल. ते खरे आहे, पण पाणी असेपर्यंतच.

ठाण्याची खाडी मुंबई बंदरापासून ठाण्यापर्यंत सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. वरच्या टोकाला ती उल्हास नदीच्या खाडीशी अरुंद वाटेने जोडलेली आहे. पावसाळा सोडला तर गोडे पाणी फारसे येत नाही, सगळा कारभार भरती-ओहोटीचा. उधाणाच्या दिवशी भरतीचे आणि ओहोटीचे पाणी यांत सुमारे पंधरा फुटांचा फरक पडतो. सहा तासांत पंधरा फूट पाणी निघून जाते आणि जिथे होडी डुलत होती तिथे मांडीपर्यंत रुतवणारा चिखल उरतो. शिवाय हे पाणी सारख्या गतीने जात नाही. सहा तासांतले मधले दोन तास निम्मे पाणी काढून नेतात. त्या दोन तासांत पुलाखाली किंवा फाट्याच्या तोंडाशी सापडलेल्या नवख्याला वल्ही मारून परत येणे कठीण होते.

पाण्याची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. आमच्या वाचकांच्या घरी चाँदची तारीख लावलेली असतेच; तिच्यात एक मिळवला की तिथी साधारण जुळते. चाँदच्या चौदा तारखेला पंधरा धरा, सव्वा अकरा ते बारा या वेळात भरती येईल. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. छापील कोष्टके अपोलो बंदरासाठी असतात, खाडीत आतवर पाणी त्यानंतर थोडे उशिरा चढते. हा हिशेब जागा हेरण्यापुरता. होडी घेऊन उतरताना छापील कोष्टकच पाहावे.

या हिशेबातून जागा पाहायला कधी जावे हेही कळते. उधाणाला भरती दुपारी बारापर्यंत येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस पहाटे गेले की खाडी अगदी रिकामी दिसते. दुपारी भरलेल्या पाण्यावरून जागा निवडणे म्हणजे झाकलेल्या गाठोड्याची बोली लावण्यासारखे आहे. आमच्यासोबत गावातले एक वृद्ध मच्छीमार होते. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो, ते आम्हाला शेठ. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “शेठ, पाणी नका बघू, चिखल बघा. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.”

चिखल पाहिला. वस्ती आणि खाडीचे पाणी यांच्यामध्ये तिवरांचा रुंद पट्टा आहे, आणि त्यातून लहान लहान फाटे वळणे घेत मुख्य पात्राला मिळतात. मासा सापडतो तो या फाट्यांच्या तोंडाशी. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी चाऱ्यासाठी तिवरांत शिरते. पाणी उतरू लागले की तिला त्याच अरुंद वाटेने बाहेर पडावे लागते. तोंडाशी जिताडा टपून बसलेला असतो. बोईट आणि शिंगटी याच भागात मिळतात. शिंगटीचा काटा विषारी असतो, ती गळावर आली तर हात घालू नये. ज्या फाट्याच्या तोंडाशी ओहोटीतही खोल डोह राहतो आणि काठ उभा कापलेला असतो, ती जागा चांगली. जिथे काठ सपाट पसरट आहे तिथे पाणी आधी पळते आणि मासाही जातो.

चिंबोऱ्यांची बिळे आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या दिसल्या तर चिखल जिवंत आहे असे समजावे. (चिंबोरी खावी की नाही यावर हनफी आणि शाफई बंधूंचे मत वेगळे आहे, त्या वादात आम्ही पडत नाही, बिळे मात्र दोघांनीही पाहावीत.) जिथे बीळ नाही, निवटी नाही आणि चिखल काळा होऊन वास मारतो, तिथे वर कुठेतरी नाल्याचे तोंड आहे हे नक्की. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायनांचे आणि रंगांचे कारखाने आपल्या कापड धंद्याला अनोळखी नाहीत. आपण वापरलेल्या रंगांची किंमत या खाडीनेही मोजली आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होत असली तरी चहूकडच्या शहरांचे मैलापाणी खाडीत येतेच. म्हणून नाल्याच्या तोंडापासून दूर राहावे आणि तिथला मासा खाण्यासाठी कोणाला देऊ नये. फ्लेमिंगो दिसले म्हणजे पाणी स्वच्छ, हाही गैरसमज आहे. ते ज्या शेवाळावर जगतात ते अशा सांडपाण्याच्या खतावरच माजते.

आता खरी अडचण. मासा कुठे आहे ते दोन पहाटांत समजले, पण होडी उतरवायची कुठून हे समजायला दोन महिने लागले. कोपरखैरणेच्या काठावर तिवरे आणि चिखल ओलांडून पाण्यापर्यंत नेणारी घट्ट जमीन फार थोड्या जागी आहे, आणि जिथे आहे तिथे गावकऱ्यांच्या होड्या पूर्वीपासून लागतात. नकाशावर अर्ध्या किलोमीटरवर दिसणारे पाणी पायी गाठता येत नाही. तिवरे तोडून वाट काढावी असे कोणाच्या मनात आले तर ते ताबडतोब काढून टाकावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. एक फांदी तोडून धंद्याचा मुहूर्त केला तर पुढचा खर्च वकिलावर होईल.

दक्षिणेला वाशीच्या बाजूस आणि उत्तरेला ऐरोली-दिवा गावाच्या बाजूस उतरण्याच्या सोयी अधिक बऱ्या आहेत, पण त्यांच्या आपल्या अडचणी आहेत. वाशीला खाडीवर १९७३ चा पूल, १९९७ चा पूल आणि २०२४ पासून वाहतुकीस खुला होऊ लागलेला तिसरा पूल असे खांबांचे जंगल उभे आहे. त्यांच्यामधून ओहोटीचे पाणी ओढीने जाते. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे केंद्र आहे आणि तिथून पक्षी दाखवणाऱ्या बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात. त्या बाजूला खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या विजेच्या ताराही आहेत. हल्लीचे लांब गळ कार्बनचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते, हे गळवाल्यांना सांगून ठेवावे.

ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यान, मुख्यतः पलीकडच्या मुंबईच्या काठाला, २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. पाण्यावर कुंपण नसते. कायाक घेतलेला माणूस वाऱ्याबरोबर सहज पलीकडे जातो आणि परवानगीशिवाय अभयारण्यात शिरल्याचा गुन्हा त्याच्या नावावर लागतो. भाड्याने होडी देणाऱ्याने वनखात्याकडून हद्द नकाशावर समजून घ्यावी आणि भाड्याचे धंद्याचे कागद आधी करावेत. तोंडी “चालतंय” म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

याहून मोठी हद्द मच्छीमारांची आहे, आणि ती कोणत्याच नकाशावर नाही. फाट्याच्या ज्या तोंडाला आम्ही उत्तम जागा म्हटले, तिथे बहुतेक ठिकाणी कोणाचे ना कोणाचे जाळे लागते. या आगरी-कोळी घरांची शेते आणि खाजणे शहर वसवताना गेली, मागे राहिली ती खाडी. तीही गाळाने उथळ होत चालली आहे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तिसऱ्या पुलामुळे बाधित मच्छीमारांच्या बाजूने निकाल देताना परंपरेने चालत आलेला त्यांचा मासेमारीचा हक्क मानला. सरकारच्या पुलाला जिथे भरपाईचा विचार करावा लागला, तिथे आमच्या चार प्लॅस्टिकच्या होड्यांनी विचारल्याशिवाय जाळ्यावरून जावे हे आम्हाला पटत नाही. गळ जाळ्यात अडकला तर गळवाल्याचे शंभर रुपये जातात, जाळेवाल्याचा दिवस जातो.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. तो धंदा चालला, कारण होडी चालवणारे हात त्याच खाडीतले होते. कोपरखैरणेतही मामांसारखा एक माणूस बरोबर, आणि त्याला मजुरी नव्हे तर नफ्यात हिस्सा, असे केले तर उतरण्याची जागा, पाण्याची वेळ आणि फाट्याची माहिती एकदम मिळते. मुलांना आम्ही स्पष्ट सांगितले की या धंद्यातले मुख्य भांडवल होडी नसून तो माणूस आहे.

आता हिशेब. सुटीचे गिऱ्हाईक रविवारी येते. उधाणाच्या रविवारी भरती बाराच्या सुमारास असते. साडेनऊला उतरून दोनपर्यंत परतता येते, हा दिवस उत्तम. पण भांगाच्या रविवारी भरती सकाळ-संध्याकाळी सहाला आणि दुपारी ओहोटी, तेव्हा उतरायची जागा चिखलात. पक्का गळवाला पहाटे पाचला येईल, बायका-मुलांचे गिऱ्हाईक येणार नाही. उधाण आणि भांग साधारण आठवड्याच्या अंतराने येतात, म्हणून महिन्यातले दोनच रविवार कामाचे. पावसाळ्याचे चार महिने काढा; उरलेल्या आठ महिन्यांत सोळा-सतरा दिवस हाती राहतात, त्यांतही वारा आणि ऊन आहेच. एका होडीची किंमत काही दहा हजारांच्या घरात, शिवाय वल्ही, जीवरक्षक जाकिटे, ठेवण्याची जागा, मामांचा हिस्सा. मुलांनी सहा होड्यांचा हिशेब वर्षाच्या बावन्न रविवारांवर मांडला होता.

तो कागद बदलला आहे. आता दोघे मिळून जुन्या दोन होड्या घेत आहेत, कर्ज न काढता, आणि पहिला हंगाम मामांच्या सोबतीने फक्त पाणी शिकण्यात घालवणार आहेत. तिसरा मुलगा शिलाईकाम जाणतो. त्याला आम्ही दुसरीकडे वळवले आहे. होडीवाल्यांना पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, गळाची खोळी, बसण्याच्या गाद्या आणि ताडपत्रीची आवरणे लागतात, आणि हा माल भरती-ओहोटी पाहून विकावा लागत नाही. जीवरक्षक जाकिटे मात्र त्याने शिवू नयेत. ती प्रमाणित कारखान्याचीच घ्यावीत, तिथे टाका चुकला तर जीव जातो. पिशवीसाठी एका बाजूने लेप दिलेले जाड नायलॉन लागते. खाऱ्या पाण्यात लोखंडी रिंगा महिन्यात गंजतात म्हणून रिंगा पितळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या घालाव्यात आणि शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असावी, सुती दोरा ओलाव्यात कुजतो. नमुन्याच्या चार पिशव्या तयार आहेत. येत्या उधाणाला मामांच्या होडीत ठेवून त्या किती तग धरतात ते पाहणार आहोत.