सान्ना : बिघडलेली नव्हे, वेगळी वाढलेली अरबी

सायप्रस बेटाच्या वायव्येस असलेल्या कोरमाकिटिस गावातील मॅरोनाइट ख्रिस्ती समाज जी अरबी बोली बोलतो आणि जिला तो ‘सान्ना’ म्हणतो, ती लेबनॉनच्या अरबीचे ग्रीकच्या सहवासात बिघडलेले रूप होय, हा समज इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे मांडला जातो, की तो तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास करणारे भाषावैज्ञानिक अलेक्झांडर बोर्ग यांनी मात्र तिचे नाते केवळ लेबनॉनशी न जोडता उत्तर इराक आणि आग्नेय तुर्कस्तानातील ‘केल्तू’ गटाच्या, म्हणजे तेथील जुन्या अरबी बोलींच्या, वैशिष्ट्यांशीही जोडले आहे. मध्ययुगात मुख्य भूमीपासून तुटलेल्या या बोलीने जिभेचे टोक दातांमध्ये धरून उच्चारायचे घर्षक ध्वनी टिकवले आहेत. बैरूतच्या रोजच्या बोलण्यातून मात्र ते लोपले आहेत. तेव्हा जिने जुने जपले तिला बिघडलेली म्हणायचे आणि जिने सोडले तिला शुद्ध, हा न्याय अजबच म्हटला पाहिजे. ग्रीकमधून आलेले शब्द तिच्यात भरपूर आहेत आणि अरबीतील ‘ब’चा ‘प’ही झाला आहे, हे खरे, परंतु शतकानुशतके शेजारी नांदणाऱ्या भाषांमध्ये असे घडतेच, आणि उसने शब्द हा दोष मानला तर फारसी शब्दांनी भरलेल्या मराठीचीही गय करता येणार नाही.

अरबी बोलणारे सर्व मुसलमान, हा समज तर येथे क्षणभरही टिकत नाही, कारण मॅरोनाइट हे पोपला मानणारे कॅथलिक आहेत. सायप्रसचे सर्वच मॅरोनाइट ही बोली बोलतात असेही नाही. त्यांच्या चार पारंपरिक गावांपैकी ती केवळ कोरमाकिटिसने जपली. तिला लिपी नाही, हे विधान आता जुने झाले आहे, कारण २००७ मध्ये तिच्यासाठी रोमन अक्षरांवर आधारलेली वर्णमाला तयार करण्यात आली.

आज ही बोली ऱ्हास पावत आहे, पण त्याचे खरे कारण तिच्या रचनेत नसून तिच्या भाषकांच्या पांगण्यात आहे. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर बहुतेक गावकरी दक्षिणेकडे गेले, आणि तेथील ग्रीक शाळा व ग्रीकभाषकांशी होणारे विवाह यांमुळे मुलांची पहिली भाषा ग्रीक झाली. अल्पसंख्याक भाषांविषयीच्या युरोपीय सनदेखाली सायप्रसने २००२ मध्ये केवळ आर्मेनियनला मान्यता दिली होती. सान्नाला ती मान्यता २००८ मध्ये मिळाली.