लघवीच्या नळीला जंतू का चिकटतात? नव्या पॉलिमरचा वेगवान शोध

लघवीची नळी म्हणजेच कॅथेटर घातल्यावर लघवीत जंतू आढळण्याची शक्यता दररोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिनाभर नळी राहिली, तर जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडतात.

असे का होते?
जंतू नळीच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. या थरात दडलेल्या जंतूंवर अँटिबायोटिकचा पुरेसा परिणाम होत नाही. म्हणून जंतू मुळात चिकटूच नयेत, असा पॉलिमर शोधणे महत्त्वाचे ठरते.

शोधाला वेळ का लागतो?
पॉलिमर म्हणजे लहान रेणू जोडून बनलेली लांब साखळी. रेणूंची जोडी किंवा प्रमाण बदलले की गुणधर्म बदलतात. कोणत्या पॉलिमरला जंतू चिकटणार नाहीत, हे केवळ सूत्रावरून सांगता येत नाही. एकेक पॉलिमर बनवून तपासायचा, तर वर्षे जातात.

वेग कसा वाढला?
२००४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी काचेच्या एकाच पट्टीवर शेकडो पॉलिमरचे, मोहरीपेक्षाही लहान ठिपके यंत्राने छापले. पुढे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाने एमआयटीच्या साथीने हीच पद्धत जंतूंसाठी वापरली. चमकणारे जंतू पट्टीवर सोडले. ज्या ठिपक्यावर चमक कमी, तिथे जंतू कमी. त्याच ठिपक्यांच्या पृष्ठभागाची रासायनिक तपासणीही केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, निवडक पॉलिमरचा लेप दिलेल्या सिलिकॉनवर चांदीयुक्त लेपाच्या तुलनेत जंतूंचे प्रमाण ३० पटींपर्यंत कमी आढळले. हे पॉलिमर जंतूंना मारत नाहीत, फक्त चिकटू देत नाहीत.

मात्र प्रयोगशाळेतील यश म्हणजे उपचार नव्हे. लघवीतील क्षार, शरीरातील प्रथिने आणि दीर्घ वापर यांत लेप टिकतो का, हे रुग्णांवरील चाचण्यांतूनच कळते. त्या टप्प्याला घाई चालत नाही.

तोवर घरी काय काळजी घ्याल?
• नळी हाताळण्याआधी व नंतर हात साबणाने धुवा.
• पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवा.
• नळी व पिशवीचा जोड विनाकारण उघडू नका.
• ताप, थंडी, ओटीपोटात दुखणे किंवा अचानक गोंधळलेपणा दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.
• ‘नळी अजून लागणार आहे का?’ हे प्रत्येक भेटीत विचारा. गरज संपताच नळी काढणे हाच आजही संसर्ग टाळण्याचा सर्वात खात्रीचा उपाय आहे. मात्र ती स्वतः काढू नका.