मुदतोत्तर गर्भावस्था

शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४२ आठवडे, म्हणजे २९४ दिवस पूर्ण होऊनही प्रसूती झाली नाही, तर त्या स्थितीस मुदतोत्तर गर्भावस्था असे म्हणतात. अपेक्षित तारीख ४० आठवड्यांची असते. ती उलटणे हा आजार नव्हे. परंतु ४१ आठवड्यांनंतर बाळाचा धोका हळूहळू वाढत जातो.

दिवसांची गणना

जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून प्रसूतीची तारीख काढतात. हा काळ सुमारे २८० दिवसांचा होतो. मराठीतील ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा वाक्प्रचार याच्याशी जुळणारा आहे. मात्र तिथीने मोजल्यास चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने हाच काळ सुमारे २७५ दिवसांचा भरतो. पाळी अनियमित असल्यास किंवा तारीख आठवत नसल्यास गणना आणखी चुकते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी सर्वांत विश्वसनीय मानली जाते. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. गर्भाचे वय ठरवण्यासाठीची तपासणी मात्र वैध आहे.

कारणे

बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही. पहिलटकरीण असणे, पूर्वीची प्रसूती लांबलेली असणे आणि स्थूलता यांमुळे शक्यता वाढते.

परिणाम

वारेची कार्यक्षमता घटल्यास बाळाला प्राणवायू व पोषण कमी पडते. गर्भजल कमी होऊन नाळेवर दाब येऊ शकतो. बाळाने गर्भातच शी केल्यास ती श्वासमार्गात जाण्याची भीती असते. काही बाळांची त्वचा कोरडी व सोललेली आणि नखे लांब दिसतात. काहींचे वजन अधिक वाढून प्रसूतीच्या वेळी खांदे अडकतात. सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे गर्भातच बाळाचा मृत्यू होणे. मातेच्या बाबतीत योनिमार्गाला इजा, अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि सिझेरियन यांचे प्रमाण वाढते.

व्यवस्थापन

गर्भाचे वय निश्चित असल्यास ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कृत्रिमरीत्या कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. स्वीडनमधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २,७६० स्त्रियांचा समावेश होता. ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहिलेल्या गटात सहा बाळे दगावली, तर ४१ व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्या गटात एकही नाही. त्यामुळे ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. कळा सुरू करण्यासाठी औषधी जेल, गोळ्या, फुगा असलेली नळी किंवा सलाइनमधून ऑक्सिटोसिन वापरतात. पूर्वी सिझेरियन झालेले असल्यास यांतील काही औषधे वर्ज्य असतात. हे उपचार रुग्णालयातच करावयाचे असतात.

नाशिक जिल्ह्यातील संदर्भ

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो. म्हणून लवकर नोंदणी आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील अचूक तारीख यांना विशेष महत्त्व आहे. दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे (२०११) सरकारी रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती व रुग्णालयापर्यंतचा प्रवास विनामूल्य आहे. बाळाची हालचाल मंदावल्यास, पाणी गेल्यास किंवा रक्तस्राव झाल्यास तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.