फऱ्या: मातीत दबा धरून बसलेला जिवाणू
वणीकर पशुपालकांनो, आपल्या काळ्या मातीत पहिला पाऊस मुरला की गोठ्यातल्या तरण्या जनावरांवर नजर ठेवा. फऱ्या, म्हणजे एकटांग्या, बहुधा ६ महिने ते २ वर्षांच्या धष्टपुष्ट जनावरालाच गाठतो. क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय या जिवाणूचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि चाऱ्यातून पोटात जातात. मग ताप, लंगडणं, फऱ्यावर सूज. दाबली की आतल्या वायूमुळे चरचर वाजते. विलक्षण म्हणजे, प्राणवायू नसलेल्या स्नायूतच हा जिवाणू फोफावतो! पेनिसिलीन अगदी सुरुवातीलाच दिलं तर उपयोग, नाहीतर एक-दोन दिवसांत जनावर दगावतं. म्हणून पावसाळ्याआधी फऱ्या आणि घटसर्प, दोन्हींची लस टोचून घ्याच. दगावलेलं जनावर फाडू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.