यंत्राचें जागें होणें

कळ दाबली कीं संगणक चालूं होतो, ही गोष्ट आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यामागें कांहीं कोडें असेल हें मनांतहि येत नाहीं. वस्तुतः नुकत्याच चालूं झालेल्या यंत्राची स्मृति कोरी असते. काम करावयास त्याला आज्ञा हव्यात; आणि डिस्कवरून आज्ञा वाचून आणणें हेंहि एक कामच ! स्वतःच्या बुटाचे फांस धरून स्वतःलाच वर उचलावें, तसा हा प्रकार. त्यावरूनच या क्रियेस ‘बूट’ हें नांव पडलें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला. १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं त्याच धर्तीवर लिनक्स आरंभिली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंतील ‘ऐरावत’ हा महासंगणक जून २०२३ मध्यें जगांतील पांचशें बलाढ्य संगणकांच्या यादींत ७५ वा आला. तोहि लिनक्सवरच चालणारा. वेंगुर्ल्याच्या एखाद्या लहानशा कचेरींत लिनक्सवर हिशेब ठेवणारें यंत्र असेल, तर त्याचें जागें होणेंहि तत्त्वतः त्याच क्रमानें होतें.

प्रथम यंत्रांत कायमचें बसविलेलें फर्मवेअर जागें होतें. तें डिस्कवरील बूट लोडरला हांक मारतें. ‘ग्रब’ हा त्यांतील सुपरिचित. ग्रब हा कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्मृतींत आणतो. परंतु डिस्क वाचण्यास लागणारें साहित्य पुष्कळदां त्याच डिस्कवर असतें. कपाटाची किल्ली कपाटांतच राहावी, तशी गत! म्हणून गाभ्याबरोबर निवडक साहित्याची एक छोटी शिदोरी बांधून दिलेली असते. शेवटीं गाभा पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया सुरू करतो. जुन्या युनिक्सवर ती ‘इनिट’. २०१० सालीं निघालेली ‘सिस्टमडी’ आज बहुतेक लिनक्सवर तिच्या जागीं आहे. बाकीच्या सर्व सेवा तीच उठविते.

या साऱ्या व्यवस्थेच्या सूचना साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. कोणता विभाग कोठें जोडावयाचा, तें ‘एफ्‌एसटॅब’ या फाइलींत ओळीओळीनें लिहिलेलें असतें. येथेंच खरी मेख आहे. या फाइली मुख्यतः आरंभींच वाचल्या जातात. आज एका अक्षराची चूक झाली, तरी चालूं यंत्र महिनोन्‌महिने तक्रार करीत नाहीं. मग २०२१ च्या मे महिन्यांतील तौक्तेसारखें वादळ किनाऱ्यावर येतें, विजेचे खांब कोसळतात, वीज जाते. आणि ती परत आल्यावर यंत्र न सांपडणाऱ्या विभागाची सामान्यतः ९० सेकंद वाट पाहून दुरुस्तीच्या अवस्थेंत थांबून राहतें. हिशेब सुरक्षित असतात, पण हातीं लागत नाहींत; आणि जाणकार माणूस नेमका मुंबईस असतो !

यावर उपाय फार अवघड नाहींत. फाइलीस हात लावण्यापूर्वीं तिची प्रत काढून ठेवावी. एका वेळीं एकच बदल करावा व तो तारखेसह वहींत टिपावा. डिस्कला क्रमानें मिळणारें नांव बदलूं शकतें. म्हणून तेथें विभागाचा कायम ओळखक्रमांक लिहावा. जी डिस्क कधीं जोडलेली असते, कधीं नसते, तिच्या ओळींत ‘नोफेल’ हा शब्द घालावा, म्हणजे तिच्यावांचून यंत्र अडून बसत नाहीं. ‘फाइंडमाउंट’ या आज्ञेस पडताळणी करावयास सांगितलें, तर संशयास्पद ओळी ती आधींच दाखविते. ग्रबची अंतिम यादी हातानें दुरुस्त करूं नये. ती नव्यानें तयार होतांच आपली दुरुस्ती पुसली जाते. मूळ सेटिंग बदलून यादी पुन्हां करवून घ्यावी. नवा गाभा नीट चालतो हें पटेपर्यंत जुना काढूं नये. आणि स्वतंत्रपणें बूट होणारी एक यूएसबी कपाटांत असूं द्यावी.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बदल केल्यावर आपण जवळ असतांना, दिवसाउजेडीं, यंत्र मुद्दाम बंद करून पुन्हां चालूं करून पाहावें. होडीच्या फटी ती वाळूवर असतांनाच तपासावयाच्या असतात, हें वेंगुर्ल्याच्या श्रोत्यांस मीं सांगावयास नको. जें यंत्र आपल्या देखत उठलें, तेंच आपल्या गैरहजेरींत उठेल असा भरंवसा धरतां येतो.