नाव सारखं, औषध वेगळं

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एक ताई दवाखान्यात ॲडमिट होत्या. शेजारच्या खाटेवर त्यांच्याच नावाची दुसरी बाई. रात्री सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, नाव घेऊन हाक मारली. ताईंनी झोपेतच ‘हं’ म्हटलं. सोबतच्या सुनेनं विचारलं, “हे कशाचं?” उत्तर आलं, “शुगरचं.” ताईंना तर शुगर नाहीच! ते इन्सुलिन शेजारणीचं होतं. ज्याला गरज नाही त्याला ते दिलं, तर रक्तातली साखर एकदम उतरते. शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो.

दोष एकट्या सिस्टरांचा नाही. रात्री अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर असतो. म्हणून काही मोठ्या रुग्णालयांत आता संगणकाची मदत घेतात. रुग्णाच्या मनगटावर पट्टी बांधतात. बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, त्या पट्टीवरही असतात आणि औषधावरही. सिस्टर दोन्ही स्कॅन करतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे नर्सिंगचे पाच नियम. डॉक्टरांच्या नोंदीशी काही जुळलं नाही, की पडद्यावर इशारा येतो. पण पट्टीच चुकीची बांधली किंवा घाईत स्कॅन केलंच नाही, तर यंत्र काय करणार?

आपल्याकडे सरकारी ‘आभा’ क्रमांक मिळतो, 14 आकडी. त्याला जोडलेले रिपोर्ट आपल्या परवानगीनं डॉक्टरांना मोबाईलवर, संगणकावर दिसतात. मात्र फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर देऊ नका.

गावच्या दवाखान्यात बारकोड नसेल. तरी एवढं आपल्या हातात आहे :

• सिस्टरांनी विचारलं तर नुसती मान हलवू नका. स्वतःचं पूर्ण नाव आणि वय सांगा.
• कोणत्या औषधानं अंगावर पित्त उठलं, श्वास कोंडला, ते आधीच सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.
• चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
• इंजेक्शनआधी विचारा, “हे कशाचं?”

त्या रात्री मशीन नव्हतं. सुनेच्या एका प्रश्नानं ताई वाचल्या. पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्या आपापली औषधं आणि ॲलर्जी मोबाईलमध्ये लिहून घेणार आहोत. तुमच्या गटातही हे कराच!