दात्याच्या निरोपानंतर

परदेशी पैशावर उभे राहिलेले सेवाकार्य त्या पैशाविना किती काळ तग धरील, हा प्रश्न २०२५ साली आफ्रिकेतील खेड्यापाड्यांपुढे अकस्मात उभा ठाकला. अमेरिकेने आपली परकीय साहाय्यसंस्था गुंडाळली आणि एचआयव्ही, हिवताप, बालपोषण यांसाठीच्या अनेक योजनांचा निधी काही आठवड्यांत आटला. त्या खंडाच्या ग्रामीण भागात आरोग्यसेवेचा मोठा भार चर्चचे दवाखाने वाहतात. त्यांनाही या निर्णयाची झळ पोचली. मात्र मलावीत अशा दवाखान्यांतील बहुसंख्य कर्मचाऱ्यांचे वेतन तेथील सरकार देते. दात्याने हात आखडता घेतला तरी दवाखान्याचे दार उघडे राहावे, यासाठी असा स्थानिक आधार लागतो.

मुरुमच्या वाचकास हा विषय दूरचा वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या उमरगा-लोहारा परिसरातील सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, तेव्हा मदतीचा ओघ सर्व दिशांनी आला. ख्रिस्ती संस्थांपासून वृत्तपत्रांपर्यंत अनेकांनी घरे बांधून दिली. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसली. त्या औदार्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु नव्या गावांचे आराखडे पुष्कळ ठिकाणी शहरी वसाहतीच्या धर्तीवर आखले गेले. गुरे कोठे बांधावी, कडबा कोठे रचावा, भावकीने शेजारी कसे राहावे, हे शेतकऱ्याचे प्रश्न त्यांत मागे पडले. याउलट जुन्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या आणि घरमालकाने स्वतःच्या देखरेखीखाली काम करून घेतले. पैसा दोन्हीकडे बाहेरचाच होता. भेद होता तो निर्णय कोणाचा, यात.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मिशनच्या कामाचा बहुतेक खर्च रुग्णालयाच्या भिंतींआड होतो, ही खंत त्या काळी जिनिव्हातील जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगालाही वाटत होती. आरोळ्यांनी परदेशी चर्चसंस्थांचे साहाय्य घेतले. पण गावात इंजेक्शनाआधी पाणी व धान्य हवे, हे त्यांनी गावकऱ्यांकडूनच ऐकले. आरोग्यसेविका म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी कित्येक निरक्षर, कित्येक दलित होत्या. प्रारंभी हजारी पावणेदोनशेच्या घरात असलेले बालमृत्यूचे प्रमाण दोन दशकांत पंचवीसच्याही खाली आले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे आफ्रिकेतील कार्यकर्तेही शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. दान घेणारे गाव असे जगाचे गुरू झाले.

चर्चच्या पैशामागे धर्मप्रसाराचा हेतू असतो, ही शंका आपल्याकडे जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनालाही ती चुकली नाही. शंका विचारण्याचा अधिकार समाजाला आहे आणि हिशेब उघडा ठेवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. परंतु परकीय देणगी नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेकडील परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यासच बंदी घातली. मोठ्या शहरी संस्थेमार्फत ज्यांच्यापर्यंत चार पैसे पोचत, त्या तालुक्याच्या गावांतील लहान संस्थांची वाट त्यामुळे बंद झाली. गैरव्यवहार रोखणे निराळे आणि सर्वांत दुबळ्या दुव्यावर घाव घालणे निराळे.

दाता आज ना उद्या जाणारच. युद्ध, निवडणूक, कायदा किंवा मंदी, निमित्त कोणतेही पुरते. म्हणून कोणतीही मदत स्वीकारताना गावाने आणि देणाऱ्यानेही पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारावयास हवा: हा माणूस निघून गेल्यावर येथे काय उरेल? केवळ इमारत उरणार असेल, तर ते उपकार ठरतील. रात्री-अपरात्री बाळंतिणीच्या हाकेला धावून जाणारी, गावाने निवडलेली आणि गावाने शहाणी केलेली एखादी सेविका उरणार असेल, तरच त्या व्यवहारास भागीदारी म्हणता येईल.